धुक्यात ट्रक थांबला तर नुकसान कोणाचे?

डिसेंबर उजाडला की उत्तरेकडच्या महामार्गांवर ‘धुक्यात वाहन सावकाश चालवा’ असे फलक लागतात. पुढे जानेवारीत दहा-वीस गाड्या एकमेकींवर आदळल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, आणि पहिला ठपका ‘भरधाव ट्रकचालका’वर ठेवला जातो. हा ठपका पुष्कळदा खराही असतो. परंतु दाट धुक्यात भरलेला ट्रक सुरक्षित ठेवण्याची खात्रीची रीत एकच आहे, ती म्हणजे तो रस्त्यावरून बाजूला घेऊन उभा करणे; आणि या उभे राहण्याचा खर्च आज जवळजवळ सगळा चालकाच्या खिशातून जातो. तो तिथून काढून माल पाठवणाऱ्याच्या आणि मागवणाऱ्याच्या हिशेबात टाकला जात नाही, तोवर फलक कितीही लावले तरी रात्री तीन वाजता ट्रक चालतच राहणार, असे माझे मत आहे.

हा प्रश्न दिल्ली-आग्र्याकडच्या लोकांचा आहे, आपला नाही, असे समजण्याचे कारण नाही. लासलगाव-पिंपळगावचा कांदा, निफाड-दिंडोरीची द्राक्षे, वरूड-काटोलची संत्री हिवाळ्यातच दिल्लीच्या आझादपूर मंडीकडे निघतात. नाशिकचा ट्रक धुळे, सेंधवा, इंदूर, गुना, शिवपुरी करत ग्वाल्हेरला पोचतो. नागपूरचा ट्रक सिवनी, सागर, झाशी या वाटेने त्याच ग्वाल्हेरला येतो. तिथून पुढे चंबळ ओलांडली की गंगा-यमुनेचे मैदान लागते, आणि घाट उतरण्यात आयुष्य गेलेल्या आपल्या चालकाला ज्याचा फारसा सराव नाही ते धुके सुरू होते. पश्चिमी विक्षोभाने, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या हिवाळी वादळी हवेने, पडलेला पाऊस, पाणी दिलेली गव्हाची शेते, मोकळे आकाश आणि पडलेला वारा एवढे जमले की रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि तिला टेकलेल्या हवेतली वाफ जागच्या जागी गोठल्यासारखी उभी राहते. धूर आणि धूळ तिला आणखी दाट करतात. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी संपेपर्यंत पंजाबपासून बिहारपर्यंत हा पट्टा मध्यरात्रीनंतर भरतो आणि साधारण सकाळी नऊ-दहापर्यंत विरत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात धुक्यातल्या अपघातांत देशभरात चौदा हजारांहून अधिक माणसे गेली.

हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे दृश्यमानता १,००० मीटरच्या खाली आली की ते धुके, २०० मीटरच्या खाली आली की दाट धुके आणि ५० मीटरच्या खाली गेली की अति दाट धुके. पन्नास मीटर म्हणजे किती, तर दहाचाकी ट्रक एकामागे एक चिकटून उभे केले तर साधारण पाच. आता थोडे गणित करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. पुढचे काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत आणि एअर ब्रेकचा दाब चाकांपर्यंत पोचेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात ट्रक २५ मीटर गेलेला असतो. दवाने ओलसर झालेल्या रस्त्यावर तो पुरता थांबायला आणखी ३५ मीटर तरी लागतात. एकूण ६० मीटर झाले, आणि दिसते आहे ५० पर्यंतच. ताशी ४० ने हीच बेरीज ३२ मीटरच्या आसपास येते आणि ३० ने २१-२२ मीटर. टायर घासलेले नाहीत, ब्रेक नीट बसवलेले आहेत, गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माल नाही आणि चालकाची झोप झालेली आहे, हे सगळे गृहीत धरून आलेले हे आकडे आहेत.

दिल्लीजवळून आग्र्याला जाणाऱ्या यमुना एक्सप्रेसवेवर हिवाळ्यापुरती वेगमर्यादा कमी करण्याची पद्धत आहे. अवजड वाहनांसाठी ती ताशी ८० वरून ६० वर आणली जाते. हेतू चांगलाच आहे. मात्र वरच्या हिशेबाने पाहिले तर अति दाट धुक्यात ६० हा वेगसुद्धा आंधळाच ठरतो, आणि स्वच्छ उन्हाच्या दुपारी तीच मर्यादा निरर्थक वाटून कोणी पाळत नाही. एकदा नियमाची सवय मोडली की पहाटेही तो मोडलेलाच राहतो. वेग तारखेवरून ठरवणे सोपे असते, दृश्यमानतेवरून ठरवण्यासाठी रस्त्यावर कोणीतरी जागे असावे लागते. सरकारने सोपे ते केले आहे.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत कांद्याच्या ट्रकमधून मी शिवपुरीपासून आग्र्याच्या अलीकडेपर्यंत गेलो होतो. मुरैना मागे पडेपर्यंत रात्र साधी होती. चंबळच्या पुलाआधी दिव्यांच्या झोतात कापूस पिंजल्यासारखे काहीतरी येऊ लागले आणि दहा मिनिटांत बोनेटच्या पुढचे सगळे पुसले गेले. चालकाने मोठा झोत लावून पाहिला, तेव्हा समोर पांढरी भिंत उभी राहिली. पाण्याचे कण तो उजेड परत डोळ्यांवर फेकतात. त्याने डिपर मारून झोत खाली घेतला. बाहेरून काच पुसायला वायपर होता, पण आत तिघांच्या श्वासाने ती धुरकटत होती, म्हणून क्लीनर दर दोन मिनिटांनी फडक्याने ती पुसायचा आणि मध्येच तंबाखूची चिमूट ओली करून काचेवर चोळायचा. शेवटी चालकाने खिडकी उघडून डोके बाहेर काढले आणि थंडीने डोळ्यांत पाणी येत असतानाही रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरून तो चालवत राहिला. मग पुढे एका ट्रकचे लाल दिवे दिसले आणि त्याने सुटकेचा श्वास टाकून त्यांच्या मागे गाडी लावली. मी म्हणालो, “तो चुकला तर?” क्लीनरच हसून म्हणाला, “तो चुकला तर उस्ताद पण चुकले. पण तोवर रस्ता तर दिसतोय.”

मोठ्या साखळी अपघातांचे बीज या वाक्यात आहे. प्रत्येक जण पुढच्याचे लाल दिवे धरून चाललेला असतो आणि दिवे दिसत राहावेत म्हणून अंतर कमी कमी करत जातो. सुरक्षित अंतर ठेवले तर दिवे दिसेनासे होतात, दिवे दिसावेत तर अंतर सुरक्षित राहत नाही. सर्वांत पुढचा एक कुठे तरी अडला, की मागचे त्याच्यावर येऊन आदळतात.

त्या केबिनमधल्या एका अडचणीवर तरी उपाय निघाला आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. त्या वेळी सगळी चर्चा उन्हाळ्याची झाली, पण वातानुकूलन यंत्रणा हवेतली वाफ काढून घेत असल्याने आतली काच स्वच्छ ठेवायला ती हिवाळ्यातच अधिक कामाची आहे. मात्र आज रस्त्यावर असलेले ट्रक पुढची कितीतरी वर्षे धावणार आहेत, आणि त्यांच्या काचेसाठी फडके आणि तंबाखूच राहणार.

त्या रात्री चालकाला मी सरळ विचारले, की थांबत का नाही. त्याने उलट विचारले, “थांबायचं कुठं?” हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. महामार्गाच्या कडेला पट्ट्यावर गाडी उभी करणे म्हणजे मागून येणाऱ्याला न दिसणारी भिंत बांधणे. धुक्यातले कित्येक अपघात उभ्या ट्रकला मागून धडकूनच होतात, आणि मागे लावायचा प्रकाश परतवणारा पट्टा चिखलाने माखलेला किंवा अर्धा निघालेला असला तर विचारायलाच नको. ढाबे रात्री अकरापर्यंत भरून गेलेले असतात. पेट्रोल पंपवाला डिझेल घेतल्याशिवाय उभे राहू देत नाही, आणि घेतले तरी तासाभरात काढायला सांगतो. आडरानात थांबावे तर टाकीतले डिझेल चोरीला जाण्याची, ताडपत्री कापून माल उतरवला जाण्याची भीती असते. मग चालक आणि क्लीनर आळीपाळीने जागतात, आणि विश्रांतीसाठी घेतलेल्या थांब्याने विश्रांती मिळतच नाही. चालत्या गाडीला हे भय नसते. म्हणून चालणे, आपल्याला बाहेरून वेडेपणा वाटला तरी, केबिनमधून पाहता शहाणपणाचे दिसू शकते.

याहून मोठी अडचण पैशाची आहे. लांबच्या फेरीला निघताना चालकाला वाटखर्ची मिळते आणि मोबदला बहुधा फेरीवर ठरलेला असतो. फेरी दोन दिवसांत झाली काय आणि तीन दिवसांत झाली काय, रक्कम तीच राहते. उलट वाढलेल्या दिवसाचे जेवणखाण त्याच वाटखर्चीतून जाते. वेळेवर पोचला तर कधी बक्षिसी, उशिरा पोचला तर कपात. मालकावर बँकेच्या हप्त्याचे ओझे असते, त्याला महिन्यात जितक्या फेऱ्या होतील तितक्या हव्या असतात. गंमत अशी, की कायद्याचे घड्याळ याहून पुष्कळ उदार आहे. जीएसटीच्या ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत बाळगायच्या सरकारी कागदाची, मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. नाशिक ते दिल्ली हे बाराशे-तेराशे किलोमीटरचे अंतर धरले तर त्यासाठी सात दिवस मिळतात. म्हणजे चालकाला धुक्यात पळवणारे घड्याळ सरकारी नाही, ते बाजाराचे आहे.

कामाच्या तासांचा कायदाही आपल्याकडे जुना आहे. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ साली झाला; दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास, पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, अशी त्याची मर्यादा होती. तो कायदा पुढे २०२० च्या श्रमसंहितेत विलीन झाला. पण मुळात तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांना, आणि या देशातले बहुसंख्य ट्रकमालक एक-दोन-चार गाड्यांचे धनी आहेत. ज्यांच्यासाठी नियम सर्वांत गरजेचा, तेच त्याच्या कक्षेबाहेर राहिले. दुसऱ्या बाजूला, भारतीय न्याय संहितेत जीवघेणा अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दोन दिवसांत देशभर ट्रकचालक संपावर गेले आणि महाराष्ट्रातही पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पळून जाणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण शिक्षेचा आकडा वाढवायला आपली व्यवस्था जितकी तत्पर असते, तितकी ती चालकाच्या फेरीचा हिशेब तपासायला कधीच नसते, हे त्या वादात दिसले.

हेच धुके विमानाला आणि रेल्वेलाही अडवते. तिथे काय होते? दिल्लीच्या धावपट्टीवर किती मीटर दिसत असताना कोणत्या विमानाने उतरावे याचे आकडे ठरलेले आहेत. हिवाळ्यात दिल्लीला विमाने पाठवताना अति कमी दृश्यमानतेत उतरण्याचे प्रशिक्षण घेतलेले वैमानिक नेमावे लागतात. आकडा खाली गेला की विमान जयपूरला वळते, आणि वैमानिकाला त्याबद्दल कोणी दंड करत नाही. रेल्वेत सिग्नल जवळ आल्याची सूचना द्यायला रुळांवर फटाके लावण्याची जुनी पद्धत आहे, आता उपग्रहाच्या मदतीने पुढचा सिग्नल सांगणारे यंत्र इंजिनात असते, आणि तरीही गाड्या सहा-सहा, आठ-आठ तास उशिरा धावतात. प्रवासी कुरकुरतात, पण इंजिनचालकाच्या पगारातून तो उशीर कापावा असे कोणाच्या मनातही येत नाही. तीन वाहनांपैकी दोघांच्या बाबतीत धुक्याचा निर्णय व्यवस्था घेते. तिसऱ्याच्या बाबतीत तो निर्णय सर्वांत कमी पगाराच्या, सर्वांत कमी झोप झालेल्या माणसाने रात्री तीन वाजता एकट्याने घ्यायचा असतो.

रस्त्यासाठी असे नियम करता येतच नाहीत, हेही खरे नाही. जर्मनीत धुक्यामुळे ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर कोणीही ताशी ५० च्या वर जायचे नाही. साडेसात टनांवरच्या वाहनांनी अशा वेळी दुसऱ्याला ओलांडायचेही नाही. आणि धोकादायक माल नेणाऱ्या वाहनाने गरज पडल्यास जवळच्या योग्य जागी गाडी लावून थांबायचे. वरचेच गणित ताशी ५० ला लावले तर थांबायला साधारण ४५ मीटर येतात, म्हणजे नियम आणि गणित एकमेकांना धरून आहेत. पन्नास मीटर चालकाने ओळखायचे कसे, याचे उत्तर तर मला फारच आवडते. तिथे रस्त्याच्या कडेला दर ५० मीटरला प्रकाश परतवणारा खुंट रोवलेला असतो. पुढचा खुंट दिसेनासा झाला की समजायचे. आपल्याकडे एक्सप्रेसवेच्या कडेला असे खुंट लावायला फार मोठा खर्च नाही.

मग आपण काय करावे? धुक्याच्या पट्ट्यात दृश्यमानता ५० मीटरच्या खाली गेली, की अवजड मालवाहनांना टोलनाक्यावर थांबवण्याचा आणि नव्याने आत न सोडण्याचा नियम हवा, तो सल्ला म्हणून नव्हे तर आदेश म्हणून. त्यासाठी नाक्यांजवळ उजेड असलेले, राखणीचे वाहनतळ लागतील, आणि खरा खर्च आहे तो हाच. काही ठिकाणी आजही नाक्यावर गाड्या अडवून पोलिसांच्या वाहनामागे ताफ्याने सोडल्या जातात. दुधाच्या टँकरसाठी आणि ऑक्सिजनसाठी ती सोय ठेवावी. सिमेंट आणि कांद्याला तिची गरज नाही.

यावर पहिला आक्षेप आपल्याच शेतकऱ्याच्या बाजूने येईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सकाळच्या लिलावाला माल पोचला नाही तर तो दुसऱ्या दिवसावर जातो, तोवर भाव पडू शकतो, द्राक्षाची पेटी तर वाट पाहतच नाही. पण हा आक्षेप नीट पाहिला तर तो सक्तीच्याच बाजूचा निघतो. एकटा ट्रक थांबला तर त्याचा नंबर जातो, कारण बाकीचे चालत राहतात. सगळेच थांबले तर मंडीत त्या दिवशी माल सगळ्यांचाच दुपारी येतो आणि लिलाव त्याप्रमाणे सरकतो; कांदा सहा तासांनी सडत नाही. म्हणूनच हा निर्णय एकेका चालकाच्या विवेकावर सोडता येत नाही. जो विवेक दाखवील त्यालाच आजची व्यवस्था दंड करते. द्राक्षांचे थोडे नुकसान होईल, हे मान्य करावे लागेल. ते टाळायला माल सायंकाळऐवजी अशा वेळी भरावा की धुक्याचा पट्टा दिवसा ओलांडला जाईल, आणि हे नाशिकमध्ये बसून ठरवता येते.

आपल्या घरच्या धुक्याविषयीही दोन शब्द लिहायला हवेत, कारण उत्तरेला शहाणपण शिकवताना आपण स्वतःकडे पाहत नाही. नोव्हेंबरपासून गाळप हंगाम सुरू होतो आणि कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांत पहाटे नदीकाठचे रस्ते धुक्याने भरतात. त्याच वेळी दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेला असतो. उसाची लोंबणारी वाढी, म्हणजे शेंड्याकडची पाने, मागचे दिवे झाकून टाकतात, मुळात दिवे असले तर. बैलगाडीला तर कंदीलही नसतो. हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर वाटपाचे कार्यक्रम होतात, त्यांची छायाचित्रेही छापून येतात. जानेवारीपर्यंत ते रिफ्लेक्टर उसाच्या पाचटाखाली कुठे गेलेले असतात ते कोणी पाहत नाही. त्या रस्त्यावर मागून येणारा ट्रकचालक कितीही कुशल असला तरी त्याला न दिसणारी वस्तू दिसणार नाही. इथेही उसाची वाहतूक करून घेणारा कारखाना पुरेसा मोठा आणि जबाबदार पकडता येण्याजोगा आहे, पण गुन्हा नोंदतो तो चालकावर.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि त्याला नवा कायदा लागेलच असे नाही. कारखान्याच्या दारात माल उतरवून घ्यायला उशीर झाला तर ट्रकवाला ‘हॉल्टिंग’ लावतो, दिवसाचे इतके रुपये, आणि कुरकुर करत का होईना, ते दिले जातात; म्हणजे उभ्या ट्रकलाही किंमत असते हे या धंद्याला चांगले ठाऊक आहे. फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा आहे, त्यामुळे कोणती गाडी कोणत्या नाक्यावर किती वाजता पोचली याची नोंद आपोआप होते. सुटतानाही तशीच नोंद करायला लावली तर कोण थांबले आणि किती तास, याबद्दल वाद उरणार नाही. बिल्टीच्या, म्हणजे ट्रकवाल्याने दिलेल्या मालाच्या पावतीच्या, मागे बारीक अक्षरांत वीस अटी छापलेल्या असतात, ‘माल मालकाच्या जोखमीवर’ यासारख्या. तिथे आणखी एक ओळ छापावी: धुक्यामुळे नाक्यावर थांबवल्यास उशिराची कपात नाही, आणि थांबलेल्या तासांचे हॉल्टिंग माल मागवणारा देईल, त्यातला अर्धा चालकाच्या हाती.